काटा अजून मध्यावर आहे

काटा चढला होता तो जेमतेम सुतभर. ऑफिसं सुटायच्या वेळी, उड्डाणपुलाच्या चढावर, पुढे ट्रक आणि मागे बस अशा कोंडीत काकांच्या गाडीचं इंजिन जरासं तापलं आणि तापमानाचा काटा मध्यावरून सुतभर वर सरकला. उतार लागल्यावर तो मुकाट्याने जागेवर आलासुद्धा. पण काका घरी पोचेपर्यंत तो वीतभर चढला होता, आणि जेवणाची ताटं वाढेपर्यंत बॉनेटमधून वाफ निघायला लागली होती. म्हणजे काकांच्या सांगण्यात.

काका आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि नगररचना खात्यात नकाशे काढतात. वयाने मोठी माणसंही त्यांना काकाच म्हणतात, कारण काळजी करण्याच्या बाबतीत ते सगळ्यांचे वडीलधारे आहेत. रेघ मारायची, मग ती मोजायची, मग मोजपट्टी बरोबर आहे ना हे दुसऱ्या मोजपट्टीने मोजायचं, अशी त्यांची कामाची पद्धत. घरचे बाकीचेही त्याच माळेचे मणी. हे कुटुंब बाहेर पडतं तेव्हा कुलूप काका लावतात, काकू ते ओढून बघतात, आणि काकांचे वडील तात्या अर्ध्या जिन्यातून परत येऊन पुन्हा ओढतात. गेल्या वर्षी ह्या ओढाओढीत कोयंडाच निखळून हातात आला. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की, बघा, तपासलं म्हणून कळलं तरी.

आता एवढ्या माणसांना सुतभर काट्याने घोर लावायचं कारण काय? कारण होतं. काकांच्या मुलीला दिवस भरत आले होते. हॉस्पिटल काकांच्या घरापासून जवळ, म्हणून मुलगी आणि जावई दोघंही इकडे राहायला आले होते. जवळ म्हणजे पुलापलीकडे. जावई शांत, सरळ माणूस. त्याने पहिल्याच दिवशी सुचवलं, "बाबा, एक टॅक्सीवाला ओळखीचा आहे. सांगून ठेवू का? बोलावला की येईल."

काकांनी घास खाली ठेवला. "गाडी दारात असताना टॅक्सी? अहो, हिला शाळेत मी सोडलं, परीक्षांना मी सोडलं, मुलाखतीला मी सोडलं. एकदा उशीर झालाय का, विचारा तिला. हॉस्पिटलातही मीच नेणार."

मुलगी म्हणाली, "नाही झाला कधी. आपण कायम तासभर आधीच पोचायचो, शाळेचं फाटकसुद्धा उघडलेलं नसायचं."

झालं. जावयासमोर शब्द गेला. आणि सासऱ्याने जावयासमोर दिलेला शब्द म्हणजे सुटलेला बाण, परत भात्यात येत नाही. त्यानंतर दोनच दिवसांनी काटा चढला. काकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहिलं: पुलाचा मधला चढ, मागच्या सीटवर कळा सोसणारी पोर, आणि गाडी ठार बंद. त्या रात्री त्यांना अन्न गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात गेली. गॅरेजवाल्याला आमच्याकडे सर्जन म्हणतात, कारण त्याच्याकडे गेलेल्या गाडीतून काही ना काही काढल्याशिवाय तो तिला परत पाठवत नाही. पण त्या दिवशी तोही बिचारा सरळ वागला. एका पाइपची क्लिप सैल होती, ती आवळली, टाकीत थोडं कूलंट भरलं आणि म्हणाला, "काही नाही झालेलं. जा घेऊन."

"एवढंच?" काकांना जरा अपमानच वाटला. रात्रभर तळमळावं आणि निघावी क्लिप, हे काही बरं नाही.

"एवढंच. पाण्यावर लक्ष ठेवा म्हणजे झालं."

हे वाक्य सर्जनने सवयीने टाकलं होतं. दुकानदार 'परत या' म्हणतो, तसं. काकांनी ते घरी जसंच्या तसं सांगितलं आणि ते ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटलं की हे आपल्यालाच उद्देशून आहे.

त्यानंतर गाडी खरोखर तापायला लागली.

आधी पुलावर, मग सिग्नलला, मग नुसत्या सरळ रस्त्यावर. काटा चढायचा, आणि चढला की गाडीतला जीवच जायचा. पाय कितीही दाबा, गाडी आपली म्हातारीसारखी चालणार. मागचे हॉर्न वाजवून वाजवून कान किटवणार. मग थोडं थांबलं की पुन्हा काही झालंच नाही अशा थाटात पळायला लागणार. सर्जनने थर्मोस्टॅट बदलला. गाडी तापली. पंखा बदलला. गाडी तापलीच. मग त्याने हात पुसत, आवाज खाली आणून सांगितलं, "गॅस्केट गेलं असणार. इंजिन खोलावं लागेल. आठवडाभर सोडा इथे."

आठवडाभर! इथे पोर आज की उद्या अशा बेतात, आणि ह्याला आठवडा हवा. काका गाडी परत घेऊन आले. इंजिन खोललेल्या गाडीपेक्षा तापणारी गाडी बरी, निदान हलते तरी, असा त्यांनी हिशेब केला. गाडी अजून तापते हे जावयाला मात्र कळू द्यायचं नाही. जावई विचारायचा, "बाबा, गाडी कशी आहे?" आणि काका म्हणायचे, "ठणठणीत."

इमारतीत बातमी पसरायला किती वेळ लागतो? वरच्या मजल्यावरचे प्रोफेसर अर्थशास्त्र शिकवतात, त्यामुळे इंजिनावर बोलायला त्यांना कसली अडचण येत नाही. ते म्हणाले, "काका, साधी गोष्ट आहे. गाडीतला हीटर पूर्ण चालू ठेवा. इंजिनाची उष्णता आत ओढली जाते, इंजिन थंड राहतं." ह्यात तथ्य आहे म्हणतात. पण बाहेर ऊन असं की डांबर मऊ पडलेलं, आणि आत हीटर. काका ऑफिसात पोचायचे ते नुकतंच न्हाऊन आल्यासारखे. त्यांच्या घामाचा थेंब एका नवीन वसाहतीच्या नकाशावर पडला आणि बालोद्यानाच्या जागी तळं दिसायला लागलं. साहेबांनी ते बघून नुसतं "काका, बरं आहे ना घरी?" एवढंच विचारलं, तर काकांनी गाडीचं सगळं गाऱ्हाणं त्यांना ऐकवलं.

मग त्यांनी ठरवलं, गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन चालवायचं आणि किती वेळात तापतं ते बघायचं. शास्त्रशुद्ध. पार्किंगमध्ये इंजिन सुरू केलं आणि पाचव्या मिनिटाला सोसायटीचे सेक्रेटरी लुंगीवर हजर.

"काका, इथे इंजिन चालू ठेवायला कमिटीची मंजुरी लागते. धूर पहिल्या मजल्यावर जातो."

"मग द्या मंजुरी."

"अर्ज करा. पुढच्या सभेत घेतो."

"पुढची सभा कधी?"

"मागच्या सभेच्या इतिवृत्तावर एक आक्षेप आलाय. तो निकाली निघाल्याशिवाय पुढची सभा बोलावता येत नाही."

"कोणाचा आक्षेप?"

"तुमचाच. पान दोनवरचा समास वाकडा आहे म्हणून."

काकांनी इंजिन बंद केलं. समास वाकडा होता हे खरं होतं, आणि मुलीसाठीसुद्धा त्याला सरळ म्हणणं त्यांच्या जिवावर आलं.

शेवटचा उपाय म्हणजे रंगीत तालीम. हॉस्पिटलपर्यंत एकदा जाऊन यायचं, अगदी प्रत्यक्षात जायचं तसं. आणि प्रत्यक्षात म्हणजे प्रत्यक्षात: मागच्या सीटवर वजनही तेवढंच हवं, कारण चढावर वजनाने फरक पडतो. तेव्हा काकूंना मागे आडवं झोपवलं, पोटावर उशी आणि अंगावर चादर. जावयाला बरोबर घेणं भाग पडलं, कारण तो प्रत्यक्षात असणारच होता. काकू म्हणाल्या, "मी बसून आले तर नाही का चालणार?" काका म्हणाले, "ती बसून येईल का?" काकूंनी चादर ओढून घेतली.

पुलाच्या मधल्या चढावर काटा चढला आणि गाडीने मान टाकली. चित्रात दिसायची अगदी त्याच जागी. मागे रांग लागली. एक हवालदार धावत आला, त्याने काचेतून आत बघितलं आणि त्याचा चेहराच पालटला.

"कधीपासून दुखतंय?"

काकूंनी चादर तोंडावर ओढली. जावयाला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला, "अजून सुरू नाही झालं. पण कधीही होऊ शकतं."

हवालदाराने काकूंच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. मग काकांच्या टकलाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "ह्या वयात," तो हळूच म्हणाला, आणि मग कर्तव्य आठवून त्याने अख्खा पूल अडवला, चार मोटारवाल्यांना खाली उतरवलं आणि गाडी ढकलत कडेला घेतली. अँब्युलन्स बोलावण्यासाठी तो वळला तेवढ्यात काकू दार उघडून बाहेर आल्या, उशी काखेत मारली आणि पुलाच्या कडेने चालत घरी निघाल्या. गर्दीतल्या एका बाईने हात जोडले. काकूंनी घरी आल्या आल्या उशीचा अभ्रा धुवायला टाकला आणि दिवसभर काकांशी चकार शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी बोलल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "त्या गाडीत मी परत पाय ठेवणार नाही."

आता जावयालाही सगळं कळलं होतं. पण तो भला माणूस. त्याने टॅक्सीचा विषय काढला नाही. त्याने तो काढला असता तर काकांना भांडता तरी आलं असतं.

त्या रात्री काकांना झोप आली नाही. उजाडायच्या आत ते पाण्याचा जग घेऊन, चपला हातात धरून खाली गेले. रोजच जात. इंजिन थंड असताना टाकीचं झाकण उघडायचं, पाणी बघायचं, कमी असलं तर भरायचं, असा नेम त्यांनी गुपचूप चालवला होता. आणि पाणी रोज कमी असायचंच, त्यामुळे त्यांची खात्री पटत चालली होती की इंजिनाला आतून भोक पडलंय.

पण आज बॉनेट आधीच उघडं होतं, आणि आत कमरेपर्यंत तात्या वाकले होते.

"तात्या, तुम्ही काय करताय?"

तात्या दचकून वर आले. त्यांच्या बोटांना पांढरा दोरा चिकटला होता. त्यांनी उभं आयुष्य पंपघरात काढलं आहे. "अरे, ह्या झाकणाच्या आट्यांना सूत गुंडाळतोय. रोज गुंडाळतो, रोज कोणीतरी काढतं. सूत नसेल तर पाणी गळणारच की. आमच्या पंपाचा कधी थेंब गळला नाही."

"ते सूत मी काढते," खांबाआडून आवाज आला. काकू बाहेर आल्या. त्यांच्या हातात स्वयंपाकघरातला तांब्या होता. "झाकण इतकं घट्ट बसतं की मनगट दुखतं. उकळणाऱ्या पाण्याला जागा नको का? मी आपलं अर्धा पीळ सैल करून ठेवते. रोज."

"मग मी येऊन बघतो तर सैल," काका म्हणाले, "म्हणून मी पक्कड लावून पिळतो."

तेवढ्यात जिन्यावरून जावई उतरला, फिल्टरच्या पाण्याची बाटली घेऊन. त्याला मागे वळायचं होतं, पण उशीर झाला होता. "टाकीतलं पाणी हिरवं दिसलं," तो खालमानेने म्हणाला. "शेवाळ धरलंय असं वाटलं. म्हणून मी रोज थोडं थोडं उपसून स्वच्छ पाणी घालतोय. तुम्ही काळजीत होता, म्हणून बोललो नाही."

ते हिरवं म्हणजे कूलंट. पाणी लवकर उकळू नये म्हणून त्यात घातलेलं. जावई ते नेमाने बादलीत ओतत होता.

"संपलं का सगळ्यांचं?" वरून आवाज आला. मुलगी गॅलरीत कठड्याला टेकून उभी होती. "मला पहाटे झोप लागत नाही. मी रोज बघते. आधी तात्या येतात, मग आई, मग बाबा, मग हे. मला वाटलं, तुम्ही पाळ्या लावून घेतल्यात."

तिने झाकण वर मागवून घेतलं. त्याचं आतलं रबर फाटून लोंबत होतं, आट्यांमध्ये सुताचा गोळा अडकला होता आणि कडेला पकडीचे दात उमटले होते. झाकण गॅरेजात नेलं, तेव्हा सर्जनने ते उलटंपालटं करून बघितलं. "हे दाब धरत नाही," तो म्हणाला. "दाब नसला की पाणी लवकर उकळतं आणि उडून जातं. इंजिन तापतं, आणि तापलं की गाडी आपणहून ताकद कमी करते, जळू नये म्हणून. त्यात तुम्ही कूलंटही काढून टाकलंत."

"मग तुम्ही थर्मोस्टॅट बदलला, पंखा बदलला, तेव्हा झाकण नाही बघितलंत?" काकांनी विचारलं.

"झाकण कोण बघतं?" सर्जन म्हणाला.

म्हणजे क्लिप आवळल्यापासून गाडीला काहीही झालेलं नव्हतं. झालं ते चार माणसांच्या मायेने झालं. हे काकांना कळलं तेव्हा त्यांना हसू यायला हवं होतं. आलं नाही. उलट त्यांना भीतीच वाटली, की आपल्या हातून मुलीचंही असंच काही व्हायचं, काळजी करता करता.

नवीन झाकण बसलं, नवीन कूलंट भरलं, आणि मुलीने निकाल दिला. "आता बॉनेट कोणीही उघडायचं नाही. गाडीची किल्ली माझ्या उशाखाली राहील."

ते दिवस त्या घराने कसे काढले, त्यांचं त्यांना माहीत. तात्या गाडीभोवती प्रदक्षिणा घालायचे, हात पाठीमागे बांधून. काकू येता जाता बॉनेटवर नुसता तळहात टेकवायच्या. काका गॅलरीतून बघायचे आणि आत येऊन बसायचे आणि पुन्हा गॅलरीत जायचे. चालवून न बघितलेल्या गाडीवर विश्वास ठेवायचा म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

आणि मग एका दुपारी, ऐन उन्हात, मुलगी आतून म्हणाली, "बाबा, किल्ली घ्या."

काकू म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. मी तात्यांची सोय लावून मागून येते." काकांना ते लागलं. तालमीचा राग अजून गेला नाही, असं मनात म्हणत त्यांनी गाडी काढली. मुलगी आणि जावई मागे.

"बाबा, जरा भराभर," जावई म्हणाला.

"काटा मध्यावर आहे," काका म्हणाले.

सिग्नल आला. मुलीने सीटची कड मुठीत आवळली आणि दात ओठांवर रोवले. काकांनी आरशात बघितलं आणि पुन्हा काट्याकडे बघितलं. "काटा अजून मध्यावर आहे हो," ते म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं. पुलाचा चढ सुरू झाला. त्यांना वाटलं, आता. इथेच. मागून एक टॅक्सी सारखी चिकटून येत होती, पुढे जायला वाट दिली तरी जात नव्हती. त्या टॅक्सीवाल्याला वाफ दिसत असणार, काका मनात म्हणाले, म्हणूनच मागे लागलाय. चढ संपला. काटा मध्यावरच. उतारावर मुलगी एवढ्या मोठ्याने कण्हली की काकांनी पहिल्यांदाच काट्यावरून नजर काढली आणि रस्त्याकडे बघितलं. मग मात्र त्यांनी गाडी अशी हाणली की हॉस्पिटलच्या दारात ब्रेकचा आवाज ऐकून रखवालदार उभा राहिला.

आतून एकजण चाकाची खुर्ची घेऊन धावत आला. मागे ती टॅक्सीही येऊन थांबली, आणि तिच्यातून बॅग घेऊन काकू उतरल्या.

काका बघतच राहिले. "तू मागे होतीस? सगळा रस्ता?"

"होते."

"म्हणजे गाडीवर विश्वास नव्हता."

"गाडीवर होता," काकू म्हणाल्या. "झाकण नवीन आहे. तुमच्यावर नव्हता. ती बंद पडली असती तर तुम्ही बॉनेट उघडून बसला असता, आणि पोर आत तशीच राहिली असती. मी म्हटलं, निदान तिला उचलून घ्यायला कोणीतरी मागे असावं."

काकांना चिडायचं होतं. पण ते खरं होतं, अगदी अक्षरशः खरं, आणि त्यांना ते ठाऊक होतं. जवळ जी खुर्ची होती तिच्यावर ते मटकन बसले. ती चाकाची होती. आणणाऱ्याला पेशंट आत न्यायला सांगितलं होतं. त्याने ढकलायला सुरुवात केली.

मुलगी जावयाच्या खांद्यावर हात ठेवून शेजारून चालत होती. "अहो, पेशंट मी आहे," ती खुर्ची ढकलणाऱ्याला म्हणाली. मग वडिलांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "असू दे. बसू दे त्यांना. मला चालता येतंय."

नंतर डॉक्टर येऊन काकांचा रक्तदाब बघून गेले आणि तासभर तरी उठू नका म्हणाले. काका प्रसूतिकक्षाच्या बाहेर त्या खुर्चीतच बसले. जावई येरझाऱ्या घालत होता, काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. बसले होते ते एकटे काका. त्यामुळे दार उघडून नर्स बाळ घेऊन बाहेर आली तेव्हा तिने सगळ्यांकडे एक नजर टाकली आणि बाळ सरळ काकांच्या मांडीवर दिलं.

"बसलेल्या माणसाकडेच देतो आम्ही आधी," ती म्हणाली. "उभी असलेली माणसं घाबरून पाडतात. दोघीही छान आहेत."

काकांनी बाळाच्या कपाळाला बोट लावलं. मग दुसरं बोट लावलं. मग त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, अंग गरम लागतंय हिचं."

"जिवंत माणसाचं अंग गरमच असतं, आजोबा," नर्स म्हणाली. "सारखं बघत बसू नका. नुसतं धरा."

काकांनी नुसतं धरलं.